कस्टर्डवर संशय

"तिघांनाही?" फोन कानाला लावलेल्या बाई मटकन खुर्चीत बसल्या.

"तिघांनाही," होणाऱ्या जावयाचा आवाज पार खोल गेला होता. "आधी बाबा, मग आई, आता मी. काकू, ठेवतो हं, मला पुन्हा जावं लागतंय."

दुपारचं जेवण किती छान झालं होतं! मुलामुलीनं एकमेकांना कधीच पसंत केलं होतं. उरले होते मुलाचे आईवडील, आणि त्यातही वडील. ते निवृत्त ऑडिटर होते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेला माणूस जेवायला येणार म्हणून बाईंनी घराचे पडदेसुद्धा धुऊन काढले होते. पण ऑडिटर खुलले ते बाईंच्या नोकरीमुळे. बाई होत्या वॉर्डाच्या साथरोग अधिकारी. जगात कोणत्या आजारानं किती माणसं दगावतात, किती आडवी पडतात, त्यात माणसांच्या आयुष्याची किती वर्षं फुकट जातात, या सगळ्याचा हिशेब होतो हे ऐकून ऑडिटरांचा घास हातातच राहिला.

"आणि हे आकडे येतात कुठून?" त्यांनी विचारलं.

"खालून. माझ्यासारखीनं कळवले तर! जगावरचा आजारांचा बोजा आधी कुणाच्या तरी घरात मोजावा लागतो. आणि जुलाब म्हटले की लोक लाजेनंच लपवतात."

"लपवलेला आजार म्हणजे अफरातफरच की!" ऑडिटर खूश होऊन म्हणाले आणि मुलीनं स्वतः केलेलं कस्टर्ड त्यांनी आणखी एक वाटी मागून घेतलं. "लवकरच कळवतो" असं म्हणून ते गेले, तेव्हा बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्यानं दार लावून एकमेकांना टाळी दिली होती.

कळवलं तर खरं, पण हे.

नवरा पुसायचं फडकं खांद्यावर टाकून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि बायकोच्या चेहऱ्यावरून हवामान ओळखायचा. "आता तू कळवणार," तो म्हणाला.

"एकाच ठिकाणी जेवलेल्या तिघांना जुलाब म्हणजे साथ. त्याच दिवशी कळवायचं. नियम आहे."

"दोन असले तर?"

"दोन असले तर नाही."

"मग दोनच धर ना! मुलगा तरुण आहे, त्याची जरा धावपळ झाली असेल."

"धावपळच चाललीये त्याची," बाई करवादल्या. "इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगत आले, लपवू नका म्हणून. आणि आता माझ्या घरावर आलं की मी दोन मोजू?"

"आई, प्लीज," आतून मुलगी आली. घरात तिला चिमणी म्हणत, आणि आत्ता ती खरोखरच तेवढी दिसत होती. "सगळे म्हणतील, हिनं सासरच्यांना लग्नाआधीच विष घातलं. कस्टर्ड मी केलं होतं!"

बाईंना मुलीकडे बघवेना. कस्टर्ड फक्त पाहुण्यांनीच खाल्लं होतं, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. चिमणी वजन कमी करत होती, बाईंना वाढण्याच्या गडबडीत खायला सवड मिळाली नव्हती आणि नवऱ्याला मधुमेह. म्हणजे खाल्लेले तिघं आणि आजारीही तेच तिघं. पहिल्या दिवशी कामावर आलेला कारकूनसुद्धा बोट कुठे दाखवील ते उघड होतं. तरी एक आशा होती. उरलेलं कस्टर्ड फ्रिजमध्ये होतं. त्याची तपासणी झाली की काय ते खरं कळेल.

त्यांनी फ्रिज उघडला. कस्टर्ड नव्हतं. काचेचं मोठं भांडं ओट्यावर पालथं पडलं होतं, लखलखीत धुतलेलं.

"चिमणे, तू टाकलंस?"

"मी? मला वाटलं, तूच टाकलंस!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. नवरा फडक्यानं आधीच कोरडा असलेला ग्लास पुसत राहिला. शेवटी बाईंनी डोळे मिटले आणि वरच्या कार्यालयात फोन करून तिन्ही रुग्ण कळवले. मग चिमणी खोलीत जाऊन रडली, आणि बाहेर बाईही रडल्या.

अधिकाऱ्याच्याच घरची साथ म्हटल्यावर तपास दुसऱ्या वॉर्डाकडे गेला. तिथल्या अधिकाऱ्याला सगळे 'भिंग' म्हणत. भिंगानं ऑडिटरांना फोन केला आणि शौचाचे नमुने लागतील असं सांगितलं.

"आम्ही त्यांच्याकडे लग्नाची बोलणी करायला गेलो होतो," ऑडिटर म्हणाले.

"हो ना. तीन बाटल्या पाठवतो," भिंग म्हणाला.

त्यावर मात्र ऑडिटर भडकले. "आता संपूर्ण चौकशी व्हायलाच पाहिजे! कोणी काय शिजवलं, कोणी हात धुतले, कोणी नाही, सगळं बाहेर आलं पाहिजे. उद्या सकाळी, माझ्या घरी, माझ्यासमोर. त्यांनाही बोलवा. लग्नाचं नंतर बघू!"

सकाळी ऑडिटरांच्या दिवाणखान्यात दोन्ही घरं समोरासमोर बसली. ऑडिटर, त्यांची पत्नी आणि मुलगा एका सोफ्यावर, तिघंही ओल्या कणकेच्या रंगाचे. मधूनमधून एक जण उठून आत जाई आणि उरलेले दोघं दाराकडे बघत बसत. समोरच्या खुर्च्यांवर बाई, नवरा आणि चिमणी. चिमणीनं होणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं हसायचा प्रयत्न केला, पण मध्येच त्याला धावावं लागलं.

भिंगानं चष्मा नाकावर चढवला. "कस्टर्ड कोणी केलं?"

"मी," चिमणी पुटपुटली.

"अंडी होती?"

"होती."

"उरलेलं कुठंय?"

शेवटी बाईच म्हणाल्या, "उरलं होतं. संध्याकाळी बघितलं तर नव्हतं. भांडं धुतलेलं होतं."

"पुरावा नष्ट केला!" ऑडिटर सोफ्यावरून अर्धे उठले. "साथरोग अधिकारी! आणि काल मला अफरातफरीवर व्याख्यान देत होत्या!"

"अहो, अफरातफर तुम्हीच म्हणालात," त्यांची पत्नी क्षीण आवाजात म्हणाली.

"तू गप्प. साहेब, लिहून घ्या. घरातल्या एकानंही ते कस्टर्ड खाल्लं नाही. का नाही खाल्लं? माहीत होतं म्हणून!"

चिमणीच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. बाईंनी तिचा हात धरला. पुरावा खरंच गेला होता, आणि भिंगाच्या जागी बाई असत्या तर त्यांनीही हेच लिहिलं असतं.

"मी खाल्लं," नवरा म्हणाला.

बाईंनी मान वळवली. "काय?"

"कस्टर्ड. मी खाल्लं. पाहुणे गेल्यावर, तू बाहेर फोनवर होतीस तेव्हा."

"किती?"

नवऱ्यानं आढ्याकडे पाहिलं. "जेवढं होतं तेवढं. आधी एकच चमचा खाणार होतो. मग कडेचं जरा नीट करावं म्हटलं. मग ते बरोबर दिसेना, म्हणून सगळंच." त्यानं घाम पुसला. "भांडं मीच धुतलं. तुला कळलं तर तू जीव घेशील म्हणून."

"अख्खं भांडं?" बाईंचा आवाज चिरकला. "तुमची साखर किती असते माहितीये? आणि काल मी रडत होते तेव्हा तुम्ही ग्लास पुसत होतात?"

"हो ना गं. पण आता पोरीचं लग्न मोडतंय म्हटल्यावर..." नवऱ्यानं चिमणीकडे पाहिलं. "जीव घे, पण हिचं नाव लिहू देऊ नकोस."

भिंग पुढे वाकला. "थांबा. तुम्हाला काही झालं? पोट?"

"ठणठणीत. सकाळी जरा भूकच लागली होती."

बाईंचा राग अजून ओसरला नव्हता, पण डोकं चालायला लागलं होतं. सगळ्यांत जास्त कस्टर्ड खाल्लेला माणूस ठणठणीत असेल, तर कस्टर्ड निर्दोष. बाकीचं जेवण तर सगळ्यांनीच खाल्लं होतं. त्यांनी सावकाश सोफ्याकडे पाहिलं. भिंगही तिकडेच बघत होता.

"आमच्याकडे येण्याआधी तुम्ही तिघांनी काय खाल्लं होतं?" बाईंनी विचारलं.

"चहा," ऑडिटर म्हणाले.

"नुसता?"

"नुसता."

ऑडिटरांच्या पत्नीनं पोटाशी धरलेली उशी बाजूला ठेवली. "खोटं," ती म्हणाली.

"अगं..."

"खोटं! लोकांकडे भुकेल्या पोटी गेलं की हावरट दिसतो म्हणे. म्हणून निघायच्या आधी आम्हाला चिकन खायला लावलं. गेल्या आठवड्यात कुठल्याशा पार्टीतून डब्यात भरून आणलेलं! मी म्हटलं, वास येतोय. तर म्हणाले, वास मसाल्याचा आहे. टाकायचं म्हटलं की यांचा जीव जातो. लग्न झाल्यापासून मी हेच खात आलेय."

"आई खरं सांगतेय," मुलगा दारातून म्हणाला आणि पुन्हा आत गेला.

भिंगानं डबा मागितला. तळाशी दोन तुकडे अजून शिल्लक होते. ऑडिटरांनी ते आज दुपारसाठी ठेवले होते. भिंगानं झाकण उघडलं, लगेच बंद केलं आणि खिडकी उघडली.

ऑडिटर सोफ्यावर आक्रसून बसले. इतकी वर्षं समोरच्याला असं बसवणारा माणूस आज त्या जागी बसला होता, आणि बाईंना त्यांची दयाच आली. मग ते हळूच म्हणाले, "हे आता जगाच्या हिशेबात जाणार?"

"जाणार," बाई म्हणाल्या.

"माझ्या नावानं?"

"नावं नसतात त्यात. तीन माणसं आजारी, एवढंच जातं."

ऑडिटरांनी सुटकेचा श्वास टाकला.

"नाव जायला हवं होतं," त्यांची पत्नी म्हणाली. मग तिनं बाईंकडे वळून विचारलं, "स्वतःच्या घरावर शेकणार हे माहीत असून तुम्ही कळवलंत. तुमची मुलगीही अशीच आहे का?"

बाईंनी चिमणीकडे पाहिलं. आता खोटं बोलून काय उपयोग? "आहे," त्या म्हणाल्या. "फार त्रास होतो."

"मग लवकरचा मुहूर्त काढा, विहीणबाई. या घरात मला एकटीला आता पुरे झालं."

चिमणी हसत आणि रडत उठली आणि होणाऱ्या सासूच्या शेजारी जाऊन बसली. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. साखरेचा विषय घरी गेल्यावर निघणार हे त्याला कळलं, तरी तो मोकळेपणानं हसला. ऑडिटरांनाही आता जरा धीर आला. त्यांनी घसा साफ केला.

"माझी ना नाही. फक्त लग्नात जेवण थोडंफार उरणारच, तेव्हा मी घरून दोन-चार डबे..."

"नाही!" सगळे एकदम ओरडले. आतून, बंद दारामागून, मुलगाही.