ओळ क्रमांक तीनशे अठरा

आमच्या बोरसावळीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मागच्या महिन्यात गावात कुणी मोबाइलवर काय शोधलं ते ग्रामसभेत नावानिशी वाचून दाखवतात, आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही असा नियम आहे. मला हा नियम सहावीत असताना पहिल्यांदा सांगितला गेला. मी "का?" म्हणाले, तेव्हा तो दुसऱ्यांदा सांगितला गेला, जरा मोठ्यानं.

सुरुवात कशी झाली ते इतिवृत्तात आहे. इंटरनेट कंपनी लोकांची माहिती घेते, पण तिचं काय करते ते सांगत नाही, म्हणून कंपनीनं पारदर्शक व्हावं असा ठराव गावानं एकमतानं केला. कंपनीनं दोन ओळींत कळवलं की ते शक्य नाही. पण ठराव तर झालेला होता, आणि झालेला ठराव मागे घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. कुणीतरी पारदर्शक होणं भाग होतं. गाव झालं.

तेव्हापासून महिनाअखेरीला टॉवरखालच्या खोलीतला प्रिंटर यादी छापतो. टॉवरची रेंज शिवेपर्यंत आहे, त्यामुळे यादीही शिवेपर्यंतच असते. लोक सावध झालेत. "ताक पिण्याचे फायदे" गेल्या महिन्यात दोनशे अकरा वेळा शोधलं गेलं आणि दोनशे अकरा वेळा वाचलं गेलं, कारण नोंदी एकत्र करता येत नाहीत. ज्यांना खरंच काही विचारायचं असतं ते एसटीनं तालुक्याला जातात. तिथल्या स्टँडवर मुतारीशेजारच्या भिंतीकडे तोंड करून, मोबाइल पोटाशी धरून माणसं उभी दिसली, की ती आमच्या गावची समजावीत. मुलीसाठी स्थळ बघताना मुलाचा एखादा मामा शिवेबाहेर राहतो का, हेही आता विचारतात.

सभेचे अध्यक्ष विश्वंभरतात्या इंगोले. त्यांच्या नावावर आजवर एकही शोध निघालेला नाही, याचा गावाला अभिमान आहे. तात्या मोबाइलला हात लावत नाहीत. त्यांना काही हवं असलं तर नात शोधून देते. नात सात वर्षांची आहे. मागच्या सभेत तिच्या नावावर "लघवीला वारंवार उठावं लागणं" आणि "भावाला नोटीस न देता शेताची मोजणी" अशा दोन ओळी होत्या. सभेनं त्या शांतपणे ऐकल्या. पोरगी हुशार आहे, एवढंच कुणीतरी म्हणालं.

वाचक म्हणून पंधरा वर्षं कुलथे गुरुजी होते. त्यांना मोतीबिंदू झाला, तेव्हा वर्षभरासाठी माझी नेमणूक झाली. मी बी.एस्सी. होऊन नुकतीच गावी परतले होते आणि माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. "दीपश्री, तुला फक्त वाचायचंय," तात्या म्हणाले. "विचार करायला आम्ही आहोत." दोन महिने मी वाचलं. सरावासाठी वाचकाला यादी आदल्या दिवशी मिळते.

तिसऱ्या महिन्याच्या यादीत तीनशे अठराव्या ओळीवर माझी आत्या होती. "कौसल्या मारुती इंगोले, वय सत्तेचाळीस: नवरा बावीस वर्षं घरी आला नसेल तर मी अजून त्याची बायको आहे का." आणि खाली तीनशे एकोणीस, तीच व्यक्ती: "एकट्या बाईला रिक्षाचं परमिट मिळतं का."

आत्या आमच्याकडेच राहते. तिचा नवरा म्हणजे तात्यांचा पुतण्या. सुरतेला जाऊन येतो म्हणून गेला. दर दिवाळीला तात्या आत्याला एक लुगडं आणून देतात आणि "मारुती आला की नेस" म्हणतात. बावीस लुगडी ट्रंकेत आहेत.

आत्या अंगणात तूर निवडत होती. मी कागद तिच्यासमोर धरला. तिनं वाचला आणि सूप खाली ठेवलं.

"आत्या, तू स्टँडवर का नाही गेलीस?"

"गेले होते गं. भिंतीला जागाच नव्हती. अंगणवाडीची बाई, वाण्याचा थोरला, आणि एक तर गुरुजींचीच मंडळी. मी नंबर लावला, तेवढ्यात साडेतीनची गाडी लागली. ती चुकली तर भाकरी कोण थापणार?"

"म्हणून घरी येऊन शोधलंस?"

"पीठ मळताना डोक्यात तेच होतं. हात बरबटलेले. करंगळीनं दाबलं." तिनं सूप पुन्हा उचललं. "काय उत्तर आलं ते वाचलंच नाही मी. भाकरी करपत होती."

मला वेशीजवळच्या सुमनची आठवण झाली. तिनं नवरा वारल्यावर "दुसरं लग्न कागदपत्रं" असं शोधलं होतं. सभेत ते वाचलं गेलं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यानं तिचा मोबाइल काढून घेतला आणि त्यानंतर ती आम्हाला फक्त खिडकीत दिसली.

"उद्या तात्या मला त्यांच्या घरी नेतील," आत्या म्हणाली. "मारुतीची वाट आमच्या डोळ्यांसमोर बघ, म्हणतील. तुझे बाबाही नाही म्हणायचे नाहीत."

मी तडक पंचायतीत गेले. ग्रामसेवक भालेराव भाऊसाहेब शिक्के पुसत बसले होते.

"भाऊसाहेब, यादीतली एक ओळ काढायची आहे."

"काढता येते की. नमुना आठ. कुणाची ओळ, त्यात काय लिहिलंय आणि ती का काढावी, हे सविस्तर भरायचं. मग अर्ज ग्रामसभेपुढे वाचून मंजुरीला ठेवायचा."

"वाचून?"

"मोठ्यानं. मंजूर झाला, तर ती ओळ कुणी ऐकलीच नाही असं धरतात. आजपर्यंत एकही अर्ज नामंजूर नाही झालेला." ते अभिमानानं म्हणाले.

"आणि लोकांची संमती? ती कधी घेतली?"

"पहिल्या सभेत. हजर होते त्यांची घेतली. गैरहजर होते त्यांची धरली."

"मी तेव्हा सहा वर्षांची होते."

"गैरहजरमध्ये येतं ते."

रविवारी दहाला समाजमंदिर भरलं. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, तात्या खुर्चीवर. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ताक आलं, पुन्हा ताक आलं, सरपंचांनी स्वतःचंच नाव सव्वीस वेळा शोधलं होतं ते सव्वीस वेळा वाचलं. तीनशे सतरावी ओळ होती, "वाळवीवर रॉकेल चालतं का". ती वाचून मी थांबले.

"पुढं," तात्या म्हणाले.

"पुढची ओळ मी वाचणार नाही."

"छपाई पुसट आहे का?"

"नाही. स्पष्ट आहे."

"घसा बसलाय? हिला पाणी द्या रे."

"घसा ठीक आहे, तात्या. वाचायचं नाही म्हणून वाचत नाही."

सभेत कुजबुज झाली. बाबांनी पहिल्या रांगेतून डोळे वटारले. "दीपे, नाटकं करू नकोस. एक ओळ वाच आणि पुढं जा."

सरपंच समजुतीनं म्हणाले, "ती ओळ राहू दे. तीनशे एकोणीस घे."

"क्रमांक गाळता येत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "तीनशे अठरा झाल्याशिवाय तीनशे एकोणीस येत नाही."

"मग गुरुजी वाचतील," तात्या म्हणाले. "गुरुजींचं ऑपरेशन झालंय आता."

गुरुजी उत्साहानं उठले आणि खिशातला चष्मा काढू लागले. भाऊसाहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. "नेमलेल्या वाचकाशिवाय दुसऱ्यानं यादी वाचली, तर ती लोकांची खासगी माहिती फोडल्यासारखं होईल. गुन्हा आहे तो."

खासगी माहिती फोडणं वाईट, यावर सगळ्यांचं एकमत झालं. गुरुजी खाली बसले.

"मग हिला वाचक पदावरून काढा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तो विषय वाचन संपल्यावर घेता येतो," भाऊसाहेब म्हणाले.

तात्यांनी काठी दोनदा आपटली. "दोन बुकं शिकली की पोरी अशा होतात. अगं, लपवण्यासारखं काही नसेल, तर वाचायला काय बिघडतं?"

"तात्या, तुम्ही अंघोळीला दार लावता?"

उजवीकडून कुणीतरी खुदकन हसलं. तात्यांनी तिकडे बघितलं, तर सगळ्या बायका एकदम पदर सारखे करायला लागल्या. आत्या शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

"कुणाची ओळ आहे ती, एवढं सांग," तात्या हळू आवाजात म्हणाले. "मग बघतो आम्ही काय करायचं ते."

"म्हणूनच सांगत नाही. तुम्ही बघाल म्हणून." माझा आवाज चढला होता आणि मी तो खाली आणला नाही. "ज्या माणसाला प्रश्न पडला, त्याचा तो प्रश्न. गावाचा नाही, टॉवरचा नाही, तुमचाही नाही. तुम्ही सगळ्यांनी पंधरा वर्षं ऐकलंत, आणि एकानं तरी कुणाला उत्तर दिलंत का? वाळवीवर रॉकेल चालतं का, हेसुद्धा आत्ता कुणी सांगितलं नाही. मी ही ओळ वाचणार नाही. आज नाही, पुढच्या महिन्यात नाही, आणि वर्षभर वाचक मीच आहे."

तात्यांनी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी नियमांची वही पुढून मागे चाळली, मग मागून पुढे चाळली. वाचकानं नाही म्हटलं तर काय करायचं, हे तिच्यात नव्हतं.

"सभा तहकूब करा," बाबा म्हणाले.

"तहकुबीलाही वाचन संपावं लागतं," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

तात्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा खिशात ठेवला. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग जमिनीकडे बघत राहिले. साडेअकरा वाजले होते. मी यादीची घडी केली आणि तिथेच उभी राहिले, आणि डावीकडची सगळी वडीलधारी माणसं तीनशे अठराव्या ओळीवर गप्प बसून राहिली.