हत्तींनी दिलेलं सरकार

एका जंगलात, बाळांनो, एक वाघ राज्य करायचा. राज्य करायचा म्हणजे भूक लागली की प्रजेतलंच कुणीतरी खायचा. शेजारच्या रानातल्या हत्तींशी त्याचं बांबूच्या बनावरून बिनसलं. लढाई जुंपली आणि वाघ शेपूट घालून पळाला.

ठकूबाई सशीण आनंदानं नाचली. पण घरी येऊन बघते तो काय! हत्तींचे सेनापती ऐरावतराव तिच्या बिळावरच ठाण मांडून बसलेले. पिल्लं बिचारी झुडपाखाली उन्हानं होरपळत होती.

"रावसाहेब, जरा सरकता का?" ठकूबाईनं विचारलं.

"सरकणार तर, बाई! आधी तुम्हांला लोकशाही देतो. तुमचं सरकार आलं की आम्ही निघालोच."

"म्हणजे तुमच्याकडे आहे तशी?"

"छे हो! आमच्यात थोरली हत्तीण म्हणेल ती पूर्व दिशा. लोकशाही हरलेल्यांना द्यायची असते."

झालं! ठकूबाई पदर खोचून कामाला लागली. दारोदार हिंडली. "मत द्या गं बायांनो, माझं बीळ सुटू दे!"

मतदान झालं. मुंग्या निवडून आल्या. येणारच! एवढा गोतावळा दुसऱ्या कुणाचा आहे? त्यांनी पहिलाच हुकूम काढला, हत्तींनी आपल्या घरी जावं.

ऐरावतरावांनी कान हलवले. "निकाल चुकला. तुम्हांला सवय नाही ना अजून! पुन्हा घेऊ. या खेपेला ज्याचं डोकं गवताच्या वर दिसेल, त्यानंच उभं राहायचं."

"आम्ही दिसतो की!" माकडं फांदीवरून ओरडली.

"झाड धरायचं नाही."

मग हरणं उभी राहिली. त्यांच्या शेजारी ऐरावतराव उभे राहिले. हरणं खाली बसली.

ठकूबाई पार टेकीला आली होती. पिल्लं माना टाकू लागली होती. एकदाचं सरकार येऊ दे रे बाबा, म्हणत तिनं डोळे मिटून हत्तींना मत दिलं. सगळ्यांनीच दिलं.

ठकूबाई धापा टाकत बिळापाशी गेली. "रावसाहेब, आलं हो सरकार! आता निघता ना?"

ऐरावतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"निघू कसा, बाई? तुम्हीच तर निवडून दिलंत!" असं म्हणून ते पुन्हा बिळावर बसले. या वेळी जरा ऐसपैस बसले.

तात्पर्य : मत द्यायला कधी घाबरू नये. चुकलंच, तर बरोबर येईपर्यंत हत्ती पुन्हा पुन्हा संधी देतात. वाघाच्या राज्यात होती का एवढी सोय?