राखाडी पट्ट्यांचा पाडाव

तामलवाडी मुक्कामीं गोरोबा मास्तर यांनीं पडद्यावरील राखाडी पट्ट्यांशीं जो झगडा मांडिला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी, पदरचें तिखटमीठ न लावितां, फार झालें तर चवीपुरतें लावून, येथें लिहिली असे.

खासे मास्तर, इयत्ता सातवीचे हाकीम, यांनीं माडीवर घरगुती थेटर उभें केलें, आणि प्रोजेक्टर आला, आणि एसी बसला, आणि भिंतीवर पांढरा पडदा चढला. परंतु रुंद चित्रपट लाविला म्हणजे पडद्याचे वर आणि खालीं दोन पट्टे रिकामे राहत, आणि प्रोजेक्टर तेथें काळोख म्हणोन जें फेकी तें राखाडी दिसे. मास्तर चित्रपट सोडून पट्टेच बघों लागले. कबिला शिवकन्याबाई यांस दाखविले, तों बाईंनीं कळविलें कीं आम्हांस कांहीं दिसत नाहीं, आपण चष्म्याचा नंबर तपासून यावा.

त्यांत वडील लिंबाजी तात्या, उमर पंचाहत्तर, हयात मेंढरांमागें गेलेली, हे वर्ष लोटलें तरी माडी चढले नव्हते. तात्यांनीं एकवार येऊन अखेरपर्यंत बसावें, हा लेकाचे मनीं एकच हेत. शेवटीं रविवारीं दुपारीं येतों ऐसा होकार आला, आणि मास्तरांचें अन्नपाणी तुटलें. तात्यांपुढें राखाडी पट्टे म्हणजे अब्रूच गेली.

मग मसलत बसली. मसलतीस मास्तर एकटेच. मोटरीवर सरकणारे काळे पडदे पुण्याहून आणवावे, तों दुकानदारानें तीन महिन्यांची मुदत सांगितली. मग सोलापुराहून काळें सॅटिन आणून चढविलें, तें ऐसें चकाकलें कीं नायकाचे हनुवटीखालीं त्याचेंच उलटें डोकें दिसों लागलें. मग काळा पुठ्ठा डकविला, तो एसीचे वाऱ्यानें पापडासारखा वळला. मग मखमल लोहचुंबकांवर टांगिली, ती ऐन लढाईचे प्रसंगीं सुटोन बाईंचे चिवड्याचे ताटांत पडली, आणि बाईंनीं फर्मान काढिलें कीं पुन्हा ऐसें जाहल्यास खोली ज्वारीचे पोत्यांस बहाल होईल.

शनिवारीं मास्तर शिकस्त होऊन खालीं बसले असतां, पेटीवर तात्यांचीं दोन काळीं घोंगडीं दिसलीं. बॅटरीचा उजेड पाडिला तों लोकरीनें सगळा गिळला. मग पांढरे काठ आंत दुमडून एक वर, एक खालीं ऐसीं ताणून बांधिलीं, आणि पट्टे नेस्तनाबूत जाहले. तात्यांस विचारावें, हें तेवढें राहून गेलें.

रविवारीं तात्या चढले, खुर्चीवर बसले आणि खेळ सुरू जाहला. अर्धा तास गेला, आणि एसीचा गारठा तात्यांचे हाडांत शिरला, आणि तात्या उठले. मास्तरांनीं जाणिलें, कीं निघाले. तों तात्या पडद्यापाशीं गेले, खालचें घोंगडें चाचपून ओळखिलें, गांठी सोडून काढिलें आणि पांघरोन पुन्हा बसले. राखाडी पट्टा जैसा होता तैसा प्रकटला. मास्तरांनीं अर्ज केला, कीं तात्या, तेवढा पट्टा उघडा पडला.

तात्या म्हणाले, “कसला पट्टा? मला तर काय दिसंना. गप बघ, लई चांगलं चाललंय.”

मास्तर पट्टा सोडून चित्रपट बघों लागले, आणि पडद्यावर नांवें सरूं लागलीं तरी तात्या हलले नाहींत. येणेंप्रमाणें वरचा पट्टा फत्ते जाहला, खालचा हातचा गेला, आणि मोहीम सिद्धीस गेली. पुढील रविवारीं जेवण उरकतांच तात्या घोंगडें खांद्यावर टाकून आपण होऊन जिना चढले, हें दफ्तरीं दाखल असे.