सव्वाचारची पांढरी गोळी

तयारी म्हणजे काय असते हे ज्याला शिकायचं असेल, त्याने चेकरकडे यावं!

चेकर हे तिचं टोपणनाव. लहानपणी शाळेला निघताना ती स्वतःचं दप्तर तीनदा तपासायची, मग आईची पर्स, मग बाबांच्या डब्याचं झाकण. बाबा म्हणायचे, "आपल्या घरात तिकीट तपासणारी जन्माला आलीय! विनातिकीट शिंकायचीसुद्धा सोय राहिली नाही." नाव चिकटलं ते चिकटलंच. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी ती ग्रंथपाल आहे, बावीस हजार पुस्तकं तिच्या ताब्यात आहेत, आणि त्यातलं एक जरी चुकीच्या फळीवर गेलं तरी तिला घास गोड लागत नाही.

अशा बाईने आयुष्यात पहिल्यांदाच एक फोन जेलब्रेक करायचं ठरवलं. चुकीला वाव नाही आणि अपघाताला प्रवेश नाही, असं तिने घरात जाहीर करून टाकलं.

फोन बाबांचा होता. बाबा बस डेपोत माइकवर असायचे. एकतीस वर्षं त्यांनी गाड्या लावल्या आणि सोडल्या, आणि घरी आल्यावरही त्यांचा माइक बंद झाला नाही. "आंघोळीचं पाणी सुटण्याच्या तयारीत आहे" हे ऐकल्याशिवाय घरातलं कुणी टॉवेलला हात लावत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांना उरली एकच प्रवासी, ती म्हणजे आई. आणि आईला डॉक्टरांनी रोज दुपारी सव्वाचारला घ्यायची पांढरी गोळी लावून दिलेली. आई ती विसरायची. कधी खरंच विसरायची, कधी ठरवून. शेवटी बाबांनी फोनवर औषधांची आठवण करून देणारं एक ॲप घेतलं आणि त्यात स्वतःचा आवाज भरला:

"प्रवाशांनी लक्ष द्यावं! फलाट क्रमांक एकवरून स्वयंपाकघरमार्गे पोटात जाणारी सव्वाचारची पांढरी गोळी सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी बसून घ्यावं, पाणी सोबत ठेवावं, आणि गोळी न घेताच 'घेतली' असं सांगू नये. धन्यवाद!"

"घेते हो, घेते! गावाला ओरडून सांगायची काय गरज?" आई आतून म्हणायची.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. फोनला ते कुणी सांगितलं नव्हतं. तो रोज सव्वाचारला गोळी सोडत राहिला आणि आई रोज "घेते हो" म्हणत राहिली. मग एका सकाळी चेकरला दिसलं, की फोनचा पडदा एका बाजूने उचलला गेलाय.

"ताई, ही बॅटरी नाही, उशी आहे!" मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला. "सारखी वायर लावून ठेवता ना?"

"काढली की डोळेच मिटतो तो."

"या मॉडेलची बॅटरी आता येत नाही. पंधरा दिवस चालेल, नाहीतर उद्याच जाईल. आतलं सामान काढून घ्या."

"सामान एकच आहे. एक आवाज."

त्याने फोन उलटासुलटा केला, ॲप उघडून पाहिलं आणि मान हलवली. "हे ॲप काढणारी कंपनीच बंद पडलीय. ॲप आवाजाची फाइल बाहेर काढू देत नाही, आणि नव्या फोनवर चालत नाही. मार्ग एकच, जेलब्रेक."

"म्हणजे?"

"कंपनीने फोनला आतून कड्या घातलेल्या असतात. त्या काढायच्या, मग हवी ती फाइल उचलता येते. पण तयारी नीट हवी. आधी पूर्ण बॅकअप घ्या, वायर चांगली वापरा, आणि काहीही झालं तरी फोन अपडेट होऊ देऊ नका. अपडेट झाला की त्या कड्या या पद्धतीने निघत नाहीत. मी करून देतो, पण जबाबदारी तुमची."

जबाबदारी आपली आणि हात दुसऱ्याचा? चेकरने आजवर दूधसुद्धा दुसऱ्याच्या भरवशावर तापत ठेवलेलं नव्हतं. तिने फोन घरी आणला.

तीन दिवस ती फक्त वाचत होती. बेचाळीस पानं सूचना छापून काढल्या, त्यांवर खुणा केल्या, आणि ग्रंथालयातल्यासारखी सत्तावीस कार्डं करून लाकडी खोक्यात क्रमाने लावली. कार्ड एक, मॉडेल तपासणे. कार्ड दोन, आवृत्ती तपासणे. कार्ड तीन, कार्ड एक आणि दोन पुन्हा तपासणे. एकोणिसावं कार्ड होतं, 'सगळे अलार्म बंद करणे'. ते तिने हातात घेतलं, वाचलं, आणि गड्डीच्या तळाशी सरकवलं. रविवारी दुपारी बाराला सुरुवात, तीनपर्यंत सगळं आटोपणार. सव्वाचारचा प्रश्न येतोच कुठे!

रविवारी फोटोवाले काका अकरालाच हजर झाले. हे बाबांचे धाकटे भाऊ. चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, आता स्टुडिओ नाही म्हणून मोबाइलवर शूटिंग करतात. लग्नाचं करतात, वाढदिवसाचं करतात, एकदा नळदुरुस्तीचंही केलं होतं.

"मी नुसता कोपऱ्यात बसतो," ते म्हणाले. "दादाच्या फोनची शेवटची मोहीम आहे. घरच्यांसाठी नोंद नको?"

"बसा. पण फोनला हात लावायचा नाही."

"मी कशाला लावू? बरं, त्यावर काहीतरी आलंय बघ. 'आत्ता अपडेट करायचं का' असं विचारतोय. 'हो' दाबू?"

"काका!!"

चेकरने झेप घेतली. एवढ्या वेगाने ती शाळेच्या शर्यतीतही धावली नव्हती. फोन वाचला. पण घरात इंटरनेट राहिलं तर पुन्हा धोका! तिने वायफायचा डबाच भिंतीतून उपटला. दोन मिनिटांत दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरची शेजारीण उभी होती.

"काकू, आपलं नेट गेलं का हो?"

"आपलं?" चेकरने आईकडे पाहिलं.

"दोन वर्षं झाली, मीच पासवर्ड दिलाय," आई म्हणाली. "तिची मुलगी परदेशात असते. बोलायला नको का त्यांना?"

शेजारणीची समजूत काढण्यात पाऊण तास गेला. मग चेकरला विजेची धास्ती वाटली. फ्यूज उडाला तर? म्हणून फ्रिज बंद, इस्त्री बंद, गीझर बंद, पंखासुद्धा बंद! चौघांचा घाम एकट्या काकांना आला. एवढं करून तिने बॅकअपचं बटण दाबलं, तर कॉम्प्युटर म्हणाला, जागा नाही.

"जागा कुणी खाल्ली?"

काका खाकरले. "माझी जुनी रिळं आहेत त्यात. उतरवून ठेवली होती. पण पुसू नकोस हं! आधी बघ तरी काय आहे ते."

बघायचं नव्हतं. वेळ नव्हता. पण काकांनी पहिली फाइल उघडली, आणि आई पदराला हात पुसत बाहेर आली ती पुन्हा आत गेलीच नाही. पडद्यावर डेपो होता. बाबा पस्तिशीचे, केस दाट, खिडकीच्या आत माइकसमोर बसलेले. समोर चार वर्षांची चेकर टेबलावर बसून तिकिटांची गड्डी मोजत होती. बाबांनी माइक तोंडाशी ओढला. ओठ हलले. बाहेर माणसं धावायला लागली, एक बाई पिशवी विसरून परत फिरली, गाडी हलली.

"आवाज वाढव ना," आई म्हणाली.

"आवाज नाहीये, वहिनी. तेव्हाच्या माझ्या कॅमेऱ्याला आवाजच नव्हता."

चार रिळं पाहून झाली. चारही मुकी. बाबा त्यात हसले, रागावले, गाडी चुकलेल्या कुणाला तरी हात हलवून काहीतरी समजावत राहिले. आईने शेवटचं रीळ पुन्हा लावायला सांगितलं. चेकरने लावलं. मग एकही फाइल न पुसता ती शेजारणीकडे गेली, तिची मोठी डिस्क उसनी मागून आणली, आणि बदल्यात सोमवारी सकाळी पहिलं काम वायफायचं, असा शब्द दिला. बॅकअप सुरू झाला तेव्हा घड्याळात अडीच वाजले होते.

साडेतीनला चौपन्न टक्के. पावणेचारला दारात ड्रायव्हरकाका!

ड्रायव्हरकाका म्हणजे डेपोतले बाबांचे जिवलग. सहा फूट उंची, आवाज हॉर्नसारखा. "वहिनी, तुमच्या भावजींनी ग्रुपवर टाकलं, दादांचा फोन आज उघडणार आहे म्हणून. म्हटलं, आपण असायला पाहिजे."

"काका, तुम्ही ग्रुपवर टाकलंत?" चेकरने विचारलं.

"नुसतं कळवलं. बोलावलं नव्हतं," फोटोवाले काका मोबाइलच्या आडून म्हणाले.

"मी एका जागी बसतो पोरी, हलणार नाही," ड्रायव्हरकाका म्हणाले आणि टेबलाजवळच्या खुर्चीत मावले तेवढे मावले. मग आईशी गप्पा सुरू झाल्या. एकदा धुक्यात सगळ्या गाड्या अडकल्या तेव्हा बाबांनी दोन तास माइकवर कोडी घातली होती. एकदा हरवलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी बिस्किटं देऊन कंट्रोल रूममध्ये बसवलं, तर तो चुकीच्या गाडीची घोषणा करून मोकळा झाला. आई हसत होती. चेकर टक्के मोजत होती. सदुसष्ट. त्र्याहत्तर. तिलाही हसू येत होतं, पण टक्के मोजताना हसणं कोणत्याच कार्डावर नव्हतं. ब्याऐंशी...

"प्रवाशांनी लक्ष द्यावं!"

सगळे जागच्या जागी थिजले. चेकरने घड्याळ पाहिलं. सव्वाचार.

"फलाट क्रमांक एकवरून स्वयंपाकघरमार्गे पोटात जाणारी सव्वाचारची पांढरी गोळी सुटण्याच्या तयारीत आहे..."

त्या आवाजावर ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं गाडी काढली, त्याला हे शब्द कानी पडल्यावर बसून कसं राहवणार? ड्रायव्हरकाका ताडकन उठले. त्यांचा हात खिशात किल्ली शोधत होता. फोन म्हणाला, "प्रवाशांनी बसून घ्यावं," आणि ड्रायव्हरकाकांनी पाऊल टाकलं.

"पाय!" चेकर किंचाळली. "पाय! पाय! अहो, पाय काढा!"

पाय निघाला. त्याबरोबर वायर निघाली, खुर्ची आडवी झाली, कार्डांचं खोकं उलटं झालं आणि सत्तावीस कार्डं घरभर पसरली. फोन "पाणी सोबत ठेवावं, आणि गो" एवढं म्हणाला आणि गप्प झाला.

ड्रायव्हरकाका खिशातला हात बाहेर काढायचाही विसरले होते.

"पोरी," ते म्हणाले, "मी गाडी काढायला उठलो गं."

वायर पुन्हा लावली. दुसरी लावली. तिसरी लावली. मोबाइल दुरुस्तीवाल्याला सुट्टीच्या दिवशी घरी बोलावलं. त्याने तासभर खटपट केली आणि स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला. "संपला, ताई. आणि अर्धवट बॅकअप उघडत नाही. पण खरं सांगू? इतकी तयारी मी कुणाची पाहिली नाही."

चेकर जमिनीवर बसून कार्डं गोळा करत होती. एक ते सत्तावीस, क्रमाने. दोनदा क्रम चुकला. आईने तिच्या हातातून गड्डी काढून घेतली आणि शेजारी बसली. "राहू दे ना," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात कोपऱ्यातून फोटोवाले काकांचा कावराबावरा आवाज आला. "चेकर, रागावू नकोस. तू ओरडलीस तेव्हा मी घाबरलो, आणि शूटिंग बंद करायचंच राहिलं. अजून चालूच आहे हे."

"बंद करा मग."

"करतो. पण म्हणजे, मी पावणेचारपासून करत होतो. आणि माझ्या या कॅमेऱ्याला आवाज आहे."

त्याला आता दोन महिने झाले. शेजारी दुसरा फोन धरून आवाज भरून घ्यायचा, हे सत्तावीसपैकी एकाही कार्डावर नव्हतं. त्या शूटिंगमधला आवाज चेकरने आईच्या नव्या फोनवर घातला, रोज सव्वाचारला लावून दिला. 'आणि गो' च्या पुढचं वाक्य गेलं ते गेलं. पण त्याच्यामागून चेकरचं किंचाळणं, खुर्ची आडवी होणं आणि "गाडी काढायला उठलो गं" एवढं सगळं येतं. चेकरने दहादा सांगून पाहिलं, "आई, तो भाग कापते. दोन मिनिटांचं काम आहे."

"काही कापायचं नाही," आई म्हणते. "दीड वर्ष ते एकटेच बोलत होते. आता निदान घरात माणसं आहेत असं वाटतं."

त्यामुळे रोज दुपारी सव्वाचारला बाबा घोषणा करतात, आई "घेते हो" म्हणते, आणि बावीस हजार पुस्तकांना शिस्त लावणाऱ्या ग्रंथपालाचा आवाज बिल्डिंगभर घुमतो, "पाय! पाय! अहो, पाय काढा!"

आणि आई पाण्याचा ग्लास सांभाळत, निमूटपणे दोन्ही पाय खुर्चीवर घेते.