कुलूपकाका आणि न मिटणारा चाकू

मुलीने दुकानाच्या टेबलावर एक लहानशी डबी ठेवली आणि म्हणाली, "बाबा, हे त्यानं पाठवलंय. संध्याकाळी येणारच आहे, पण म्हणाला, आधी हे पोचू दे."

'त्यानं' म्हणजे कोणी, हे कुलूपकाकांनी विचारले नाही. शाळेत भूगोल शिकवणारा एक तरुण मुलीने पसंत केला होता आणि आज तो पहिल्यांदाच घरी यायचा होता. काकांनी त्याला नापसंत करायचे केव्हाच ठरवून टाकले होते. फक्त कारण शोधायचे राहिले होते. खरे कारण त्यांना ठाऊक होते, पण ते चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. एकुलती एक मुलगी. ती गेली की घर खायला उठणार, एवढेच ते कारण.

"ही लाच आहे," काका म्हणाले.

"भेट आहे, बाबा. आणि संध्याकाळी त्याच्याशी जरा नीट बोला. त्याचं तोंड बघून आत निघून जाऊ नका. माझ्यासाठी एवढं करा." मग ती कामावर निघून गेली.

काकांनी डबी उघडली. आत घडीचा चाकू होता. मूठ गडद लाकडाची, कडा घासून गोल केलेल्या, हातात धरली की जिथल्या तिथे बसणारी. काकांनी अंगठ्याने पाते ढकलले. ते गर्रकन फिरले आणि 'टक्' करून थांबले. सारा जन्म कुलपे दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला असा आवाज ऐकून काय होते, ते दुसऱ्याला सांगून कळायचे नाही. त्यांनी पाते हलवून पाहिले. तसूभरही हलेना.

"वस्तू वाईट नाही," ते नाइलाजाने पुटपुटले. देणाऱ्याबद्दल अर्थातच त्यांचे मत तेच होते.

मग त्यांनी चाकू मिटायला घेतला, आणि तो मिटेना. हळूच दाबून पाहिला, जोर लावून पाहिला, टेबलाच्या कडेला टेकवून पाहिला. पाते ढिम्म. आता कुलूपवाल्याची अडचण अशी की त्याला साधे काही सुचतच नाही. बनवणाऱ्याने चोराला चकवायला कुठेतरी मेख मारलेली असणार, असे धरूनच तो चालतो. काकांनी भिंग लावून मुठीवरचा एकेक खिळा तपासला, लाकडावर बोटाने टकटक करून पोकळी शोधली.

एवढ्यात बायको आतून आली. "अहो, उघडं पातं घेऊन काय बसलात? मिटून ठेवा ना."

"मिटू कसा? कापतोय."

"काय कापताय?"

काकांनी इकडेतिकडे पाहिले. "हे खोकं."

आणि त्यांनी एक चांगले धडधाकट खोके उभे चिरले. खोके संपले तरी बायको दारातच उभी होती, म्हणून दुसरे घेतले. तिच्या डोळ्यांदेखत चाकू खाली ठेवला, तर ती मिटायला सांगणार. सगळ्या वस्तीची कुलपे उघडून देणाऱ्या माणसाला एक खिशातला चाकू मिटता येत नाही, हे कळले असते तर ती काही बोलली नसती. ती नुसती हसली असती, आणि ते जास्त वाईट.

खोकी संपल्यावर काकांनी दुकानातल्या सगळ्या पेन्सिलींना टोके काढली. दुपारी शेजारची शिंपीणबाई किल्ली न्यायला आली.

"अगंबाई, नवा चाकू! बघू, मिटतो कसा?"

"कामाचं हत्यार आहे, बाई. खेळणं नाही," काका म्हणाले आणि तिच्या किल्लीला बांधलेली चांगली दोरी कापून दिली.

पुढे कापण्यासारखे काही उरेना, तेव्हा ते स्वयंपाकघरात शिरले आणि संध्याकाळसाठी आणलेली सफरचंदे चिरू लागले. बायको थक्क झाली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी कधी भाजीच्या देठाला हात लावला नव्हता.

"पाहुणा एकच येणार आहे हो. वरात नाही."

"खाईल. वाढत्या वयाचा आहे."

बायकोने बाहेर जाऊन मुलीला फोन लावला. तिचा आनंदी आवाज काकांना नीट ऐकू येत होता. "अगं, सकाळपासून चाकू हातातून सोडला नाही त्यांनी! इतका आवडलाय, इतका आवडलाय, की फळं चिरतायत! सांग त्याला, काळजी करू नको म्हणावं."

काकांना स्वतःचाच राग आला. नापसंतीचा असा सत्यानाश त्यांनी स्वतःच्या हातांनी केला होता.

संध्याकाळी तो आला. उंच, सडपातळ, आणि घाबरलेला. मुलीने त्याला दुकानात काकांसमोर बसवले, काकांकडे एकदा विनवणीने पाहिले आणि ती आत गेली. मधे सफरचंदांचा काळवंडलेला ढीग आणि त्यावर उघडा चाकू.

"आवडला म्हणे तुम्हाला, काका."

"हं." काकांनी चाकू त्याच्यापुढे सरकवला. आता हा मिटणार, आणि आपण बघून ठेवणार. "घ्या, मिटून ठेवा. टोचेल कोणाला."

"नको, तुम्हीच मिटा. आता तुमचा आहे."

"आणलात तुम्ही."

"पण वापरताय तुम्ही."

चाकू दोन-तीनदा इकडून तिकडे गेला. शेवटी तरुणाने कपाळावरचा घाम पुसला.

"काका, खरं सांगू? मला मिटता येत नाही. दुकानदारानं मिटून दिला. घरी आणून उघडला, मग परत त्याच्याकडे गेलो. त्यानं पुन्हा दाखवलं, पुन्हा विसरलो. तिसऱ्यांदा मिटून आणला तो डबीतच ठेवला. म्हटलं, तुम्ही कुलपातले. तुम्हाला सहज जमेल."

नापसंतीचे कारण आयतेच चालून आले होते. चाकू मिटता न येणारा जावई! काकांनी तोंड उघडले. पण समोरचा माणूस खाली मान घालून बसला होता, आणि आपण दिवसभर जे लपवले ते याने पहिल्याच भेटीत सांगून टाकले, हे काकांच्या मनातून जाईना. त्यांना लाज वाटली.

"मलाही येत नाही," ते हळूच म्हणाले. "ही सफरचंदं काय हौसेनं चिरलीत असं वाटलं तुम्हाला?"

तरुणाने ढिगाकडे पाहिले, काकांकडे पाहिले, आणि दोघेही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

जेवायला हाक आली. तरुण हात धुवायला आत गेला. काकांनी सवयीने चाकू उचलून दिव्याखाली धरला. मुठीच्या आत एक पातळ पट्टी पात्याच्या बुडाला टेकलेली दिसली. छुपी बिपी काही नव्हती, सकाळपासून समोरच होती. त्यांनी ती अंगठ्याने बाजूला केली. पाते अलगद मिटले.

काका हाक मारणारच होते. आतून मुलीचे हसणे ऐकू आले, त्यात त्या तरुणाचेही. त्यांनी अंगठ्याने पाते पुन्हा उघडले.

जेवणे झाल्यावर पाहुणा निघाला. मुलगी दारात उभी होती. काकांनी उघडा चाकू त्याच्यापुढे धरला.

"अजून नाही हो मिटत," ते म्हणाले. "उद्या या. दोघं मिळून बघू."