बसता-उठता येईल अशी

गॅरेजचं दार वर सरकलं आणि घड्याळजींनी जो आ वासला, तो मिटेचना. एक सोडून दोन विलायती स्पोर्ट्स कार! दोन्ही बिनटपाच्या, दोन्ही त्यांच्याच वयाच्या, पण पोक एकीलाही आलं नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर अशीच गाडी काढल्याबद्दल शाळेत त्यांनी छड्या खाल्ल्या होत्या.

"एकच विकायचीय, दुसरी लेक नेणारे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचे यजमान, दातांचे डॉक्टर, मागच्याच वर्षी गेले होते. "पण जीव लावणाऱ्यालाच देईन हं! तिघांना आल्या पावली परत पाठवलंय."

निघताना घड्याळजींच्या बायकोने एकच अट घातली होती. "गुडघे बघा स्वतःचे. बसता-उठता येईल अशीच घ्या!"

त्या हिशेबाने लाल गाडी गुणाची होती. दार रुंद, सीट उंच, काचा वर-खाली होणाऱ्या. शहाण्याने डोळे झाकून घ्यावी. हिरवीला काचाच नव्हत्या, दार वीतभर, चाकांना सायकलीसारख्या तारा. पण तिचे ते काळे गोल डायल आणि त्यांतले नाजूक पांढरे काटे! जन्मभर घड्याळं उघडलेल्या माणसाला आणखी काय हवं? "अहाहा!" म्हणत ते हिरवीत बसले. बसले कसले, घसरले.

आणि अडकले. सीट जमिनीला टेकलेली, पोट स्टिअरिंगला, गुडघे जवळजवळ हनुवटीला. त्यांनी जोर लावला. कट्कन आवाज झाला, तोही गाडीचा नव्हे.

"कशी वाटते?" बाईंनी विचारलं.

"उठवत नाही, बाई!" घड्याळजी खरं तेच बोलले.

बाईंचे डोळे भरून आले. "अगदी ह्यांचेच शब्द! जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा, हे आपले तासन्‌तास गाडीत. 'उठवत नाही गं' म्हणायचे. थांबा, चहा आणते."

आता आली का पंचाईत! गाडी मिळाल्यात जमा होती. पण हे प्रेम नसून गुडघे आहेत असं बाईंना कळलं, तर चौथं गिऱ्हाईकही घरी. "देवा, आता तूच उचल रे बाबा," म्हणत घड्याळजींनी वर पाहिलं.

वर तुळईला दोरी होती. बरोबर सीटच्या वर, हात पोचेल अशा बेताने गाठी मारलेली, धरून धरून गुळगुळीत झालेली. घड्याळजी तिच्याकडे बघतच राहिले. दोन्ही गाड्या पाहूनही असे थक्क झाले नव्हते. "वा डॉक्टर!" ते पुटपुटले आणि दोरीला लोंबकळून उभे राहिले.

चहा आला तेव्हा ते बॉनेटवरून हात फिरवत होते.

"हिरवीच ना? न्या," बाई म्हणाल्या. मग जरा लाजल्या. "एक सांगू? शेवटची दोन वर्षं मात्र हे एका हाकेत यायचे. गाडीपेक्षा माझीच ओढ जास्त ठरली बघा!"

घड्याळजींनी घोटभर चहा घेतला. "ठरणारच, बाई."

"आणि ही मेली दोरी तेवढी टाकून देते. ह्यांनी का बांधली कोण जाणे."

"टाकू नका, मला द्या," घड्याळजी घाईघाईने म्हणाले. "घरी मलाही हाका येतात."