मन्मथअप्पांचा पट्टा

दर रविवारी सकाळी आमचे शेजारी मन्मथअप्पा मोटारीचा धडधाकट पट्टा काढून दुसरा घालत. पुढच्या रविवारी तो काढून पुन्हा पहिला. पट्टा म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी असतो तो रबरी फॅनबेल्ट. तो फिरला की पंखा फिरतो, पाणी खेळतं, बॅटरी भरते. एवढं ज्ञान मला अप्पांनीच दिलं. मी शाळामास्तर, मला सायकलची चेनसुद्धा बसवता येत नाही.

अप्पांची पिठाची गिरणी होती. आयुष्य पट्ट्यांत गेलेलं. गिरणीचा पट्टा घसरायला लागला की त्याला राळ चोळतात, म्हणून त्यांनी मोटारीच्या पट्ट्यालाही राळ चोळली. मोटार अशी किंचाळली की समोरच्या वाण्याने दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. अप्पांनी मोटारीचं बॉनेट थोपटलं. "गिऱ्हाईक नवं हाय, सवय न्हाई त्याला," म्हणाले आणि फडक्याने राळ पुसत बसले.

ही जुनी मोटार त्यांनी लातूर जिल्हा झाल्यावर घेतली. "आता आपण जिल्ह्याची माणसं. यष्टीला लोंबकळून कसं चालंल?" जिल्हा आला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या आल्या, पाऊस तेवढा दोन वर्षं आला नाही. नळ पंधरवड्यातून एकदा, एरवी टँकरपुढे घागरींची रांग. दळायला धान्य नाही, म्हणून गिरणी बंद. अप्पांना रविवारच काय, सगळेच वार मोकळे.

मोटारीला काम मात्र एकच होतं. लेक सुमन नायगावला दिलेली, पहिलटकरीण. तिला बाळंतपणाला आणायचं. सातवा लागला तसं मी विचारलं, "अप्पा, कधी निघताय?"

"पट्टा बरोबर न्हाई, गुरुजी. वाटंत तुटला तर पोटुशी लेक उन्हात कुठं बसवू?"

मला पटलं. बॉनेट उघडून ते कामाला लागत. बॅटरी भरणाऱ्या डायनामोचा बोल्ट सैल करायचा, डायनामो आत ढकलायचा, पट्टा पंख्याच्या पात्यांवरून फिरवत सोडवायचा. दुसरा चढवला की पहारीने डायनामो बाहेर रेटून बोल्ट आवळायचा. मग अंगठ्याने दाबून बघायचं. "अर्धं बोट दबला पायजे. लई ताणला की बेअरिंग खातोय, ढिला सोडला की गाडी तापतीय. गिरणीनं शिकवलंय हे." अर्धं काम हाताने, अर्धं तोंडाने.

आठवा लागला, तरी पट्टा बरोबर होईना. आता मला राहवेना. नायगाव म्हणजे काही काशी नव्हे. एका रविवारी मीच पुढे होऊन अंगठा दाबला. अर्धं बोट दबला, ना कमी ना जास्त.

"अप्पा, पट्टा तर नीट आहे."

अप्पा हातातला पाना उगाच फिरवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "गाडी पहिल्या ऐतवारीच नीट झालीय, गुरुजी. घरात पाणी न्हाई. बाळंतिणीला तिची आई न्हाऊ घालंल कशानं? तिच्या सासरी विहिरीला पाणी हाय. पण 'येऊ नको' म्हणून बाप लिहितो का?"

मला फार लाज वाटली. इतके रविवार मी गंमत बघत होतो. त्याच दुपारी अप्पांना न विचारता मी सुमनला कार्ड टाकलं आणि खरं ते कळवलं.

पुढच्या रविवारी अप्पा पट्टा सोडवत असताना यष्टी स्टँडवरून आलेली रिक्षा दारात थांबली. सुमन सावकाश उतरली. मागून जावई, दोन्ही हातांत पाण्याचे डबे.

अप्पा गडबडले. "अगं, असल्या अंगानं यष्टीत? मी येतच होतो, जरा हा पट्टा..."

"अप्पा, मी काय पाण्यासाठी येत असते का माहेराला?"

अप्पांनी पाना खाली ठेवला. हात तेलाने काळे, म्हणून त्यांनी तिला नुसत्या कोपरांनी जवळ घेतलं आणि लहान मुलासारखे रडले. जावई आणि मी बॉनेटखाली डोकं घालून, दोघांनाही काही कळत नसताना, त्या डायनामोकडे बराच वेळ बघत राहिलो.